ॲग्नेसबाई आणि थंड पायांची मुलं

ॲग्नेसबाईंकडे मूल घेऊन कोणीही आलं, की त्या आधी त्याचे पाय मागायच्या. खोकला असो, कान दुखत असो, नाहीतर शाळेसाठी नुसतं फिटनेस सर्टिफिकेट हवं असो. "आधी पाय," म्हणून त्या स्वतः खाली वाकायच्या, बूट-मोजे काढायच्या, दोन्ही तळवे आपल्या हातांत धरून क्षणभर तशाच थांबायच्या आणि मग पावलावर अंगठा दाबून, उचलून, त्या जागेकडे बघत राहायच्या. शारजामधल्या अल मजाजच्या आमच्या दवाखान्यात येणारी मुलं खाऊनपिऊन सुखी घरातली. त्यांच्या आया गोंधळायच्या. अरब बायकांना बाई "यल्ला हबीबी, पाय" असं सांगायच्या आणि गंमत म्हणजे ते सगळ्यांना कळायचं. माझा मुलगा चौथीत गेल्यावर त्याला हा प्रकार आवडेनासा झाला. "आय ॲम नॉट अ बेबी," म्हणत तो पाय मागे ओढायचा. बाई म्हणायच्या, "जोरात ओढतोयस ना, छान. तेच बघायचं होतं."

मी त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. डॉ. ॲग्नेस परेरा आमच्या बालरोगतज्ज्ञ. मूळच्या वसईच्या. डॉक्टर झाल्यावर बरीच वर्षं त्यांनी जव्हारकडच्या एका मिशन हॉस्पिटलात काढली होती. नवऱ्याला इथल्या हॉटेलात चांगली नोकरी लागली म्हणून त्या आल्या. मी रुजू झाले तोवर त्यांचे यजमान विल्फ्रेडसाहेब वारले होते आणि मुलगा कॅनडात स्थिरावला होता. बाई दवाखान्यापासून चालत जाता येईल अशा फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. बुटक्या, केस अगदी बारीक कापलेले, पायात कायम पोरांसारखे स्पोर्ट्स शूज. टेबलाच्या खणात वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, असायची. त्यांच्या खोलीत कामासाठी गेलेल्या माणसाला त्यांतलं एक खाल्ल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. गाडी इतकी हळू चालवायच्या, की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. "जाऊ दे त्यांना पुढे," त्या म्हणायच्या, "माझ्यासाठी कोण थांबलंय तिथं?"

पायांचं कारण त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. जव्हारला नवीन असताना एका आईनं आपलं मूल आणलं. गाल भरलेले, हातपाय गुबगुबीत. खोकला होता, ताप नव्हता. बाईंना वाटलं, बरं बाळसेदार पोर आहे. तिथल्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, पाय दाबून बघा. दाबलं तर अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतंच, नुसतं पाणी साचलेलं. आतलं मूल पार सुकून गेलं होतं. छातीत न्युमोनिया भरला होता आणि तरी अंग गार. दोन दिवसांत ते गेलं.

"उपासमारीनं मूल मरतं असं आपण म्हणतो," बाई म्हणाल्या. "मी तसं फार थोड्यांना मरताना पाहिलंय. ती जुलाबानं गेली, न्युमोनियानं गेली, गोवर येऊन गेला त्यानंतर गेली. एक जुलाब मुलाचं वजन घेऊन जातो. ते भरून यायच्या आत दुसरा येतो. मग खोकला. मग जेवणावरची वासनाच जाते. कुठून सुरुवात झाली ते शेवटी कळतसुद्धा नाही."

मी विचारलं, ताप कसा नव्हता? तर म्हणाल्या, "ताप म्हणजे शरीर भांडतंय. भांडायलाच कोणी उरलं नसेल, तर घर शांत असतं. म्हणून शांत मुलाची मला भीती वाटते."

मला तेव्हा हे सगळं दूरचं वाटलं होतं. आमच्याकडे आया यायच्या त्या मूल जेवत नाही म्हणून आणि त्या मुलाच्या हातात चिप्सचं पाकीट असायचं.

एका ऑगस्टमध्ये उम्म अल कुवैनहून सुनील नावाचा माणूस बायको आणि मुलीला घेऊन आला. परभणीकडचा. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये कामाला. शारजात मराठी डॉक्टरीणबाई आहेत असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. बायको मंदा व्हिजिट व्हिसावर आली होती आणि व्हिसाची मुदत केव्हाच संपली होती. त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलात जायची दोघांना धास्ती. मुलगी ईश्वरी, सव्वा वर्षाची. एका मोठ्या घराचे पार्टिशन घालून भाग केलेले, त्यातल्या एका खोलीत ही तिघं राहत होती.

आली तेव्हा लेकरू धडधाकट होतं, असं मंदा सांगत होती. इथे आल्यावर मंदाच आजारी पडली, अंगावरचं दूध आटलं, बाटली सुरू झाली. मग पोरीला जुलाब लागले. शेजारणीनं सांगितलं, पोट बिघडलंय तोवर खायला घालू नका, कोरा चहा आणि भाताची पेज द्या. जुलाब थांबले, चार दिवसांनी पुन्हा लागले. पुन्हा पेज. असं तीनचारदा झालं. आता आठवडाभर खोकला होता आणि पोर काही तोंडात घेत नव्हती.

"पण ताप नाही बाई," मंदा म्हणाली. "आणि आता थोडी भरायला लागली. पाय बघा की."

सुनीलनंही मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जरा समाधान होतं. बाईंनी ते पाय हातात घेतले. मी सुई घेऊन दारात उभी होते, मला तिथून दिसलं. त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. तिथे एक खळगा पडला होता, तो भरून येईना. त्यांनी मुलीच्या काखेत थर्मामीटर धरलं, वाचलं आणि मला म्हणाल्या, "विद्या, शुगर बघ. आत्ता."

माझ्या हाताखालून रोज मुलं जातात. सुई दिसली की ती किंचाळतात, लाथा झाडतात, दोघांनी धरावं लागतं. ईश्वरीच्या बोटाला मी सुई टोचली तेव्हा तिनं बोट मागे घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट बर्फासारखं होतं आणि रक्ताचा थेंब यायला मला ते चोळावं लागलं. साखर खूपच कमी निघाली. बाईंनी साखरेचं पाणी करायला लावलं आणि स्वतः चमच्यानं, थेंब थेंब, गालाच्या आत सोडत बसल्या. मध्येच त्या मंदाला म्हणाल्या, हिला ताप नाही ते चांगलं लक्षण नाही, आपल्याला हॉस्पिटलात जायचंय. मंदा रडायला लागली. सुनील म्हणाला, तिथं पोलीस विचारतील. आमच्या मॅनेजरचाही चेहरा पडला होता. कागद नसलेला पेशंट दवाखान्याच्या नावावर नको, असं तो इंग्रजीत पुटपुटला.

"पोलिसांशी मी बोलते," बाई सुनीलला म्हणाल्या. "आणि हे मूल आहे, व्हिसा नाही," हे मॅनेजरला.

अँब्युलन्सची वाट न बघता त्या स्वतःची गाडी काढायला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. मंदाला त्यांनी मुलीचे कपडे काढून तिला आपल्या ब्लाउजच्या आत, कातडीला कातडी लागेल अशी धरायला सांगितलं. वरून माझी ओढणी गुंडाळली. गाडीत बसल्यावर बाईंनी एसी बंद केला आणि काचा वर ठेवल्या. ऑगस्टमधली शारजातली भर दुपार. आम्हा सगळ्यांच्या अंगातून धारा लागल्या होत्या, सुनील शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. त्यातला घाम किती होता ते मला सांगता येणार नाही. त्या भट्टीत फक्त एका ईश्वरीला थंडी होती. मी चमच्यानं तिच्या तोंडात साखरेचं पाणी सोडत होते. बाईंना वेगानं गाडी चालवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हॉस्पिटलात कोणी आधी कागद मागितले नाहीत. मुलीला आत घेतलं. तिथला डॉक्टर सुदानी होता, तरुण. त्यानं पांघरूण बाजूला केलं, पाय बघितले आणि वळून बाईंकडे बघितलं. अशी मुलं त्यानं त्याच्या देशात पाहिली होती. इथे पाहायला मिळतील असं त्याला वाटलं नसावं. दोघं इंग्रजीत जेमतेम चार वाक्यं बोलली असतील. एक्स-रेमध्ये न्युमोनिया निघाला. अँटिबायोटिक सुरू झालं, अंगाला ऊब दिली गेली आणि ठरावीक वेळानं थोडं थोडं खास दूध, नळीतून.

मंदाला ते दूध बघून धक्काच बसला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर ती म्हणाली, एवढंसं दूध तर मांजराला घालतात, माझं लेकरू उपाशी मरतंय आणि हे मोजून देतात. बाई ड्यूटी संपवून तिथे आल्या होत्या. त्या तिच्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "मंदा, इतके दिवस अंग रिकामं होतं. आता एकदम ओतलं, तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. आधी आतला आजार उतरू दे, मग आपण तिला पोटभर घालू. माझ्यावर विश्वास ठेव." मंदानं विश्वास ठेवला असं वाटत नाही, पण ती गप्प बसली. पहिले काही दिवस ईश्वरीचं वजन आणखीच उतरलं. अंगातलं पाणी जात होतं. सूज गेली आणि खरं मूल दिसायला लागलं, तेव्हा सुनील वॉर्डातून बाहेर जाऊन जिन्यात बसला.

बाई रोज संध्याकाळी जायच्या. एके दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. दारातच मंदा घाबरीघुबरी होऊन सामोरी आली. ईश्वरीला ताप भरला होता. बाई जवळजवळ पळत गेल्या, मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि हसायला लागल्या. मी त्यांना तशा हसताना कधी पाहिलं नव्हतं. ताप चांगलाच होता. सुदानी डॉक्टरनं तपासण्या करून औषध बदललं होतं, काळजी होतीच. पण त्याही परिस्थितीत बाई मंदाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "आला बघ. भांडायला लागली तुझी पोरगी." आणि ईश्वरी खरंच भांडत होती. नर्सनं हात धरला तर रडत होती, चांगला मोठा गळा काढून. त्या आवाजानं शेजारच्या खाटेवरचं मूल जागं झालं.

त्यानंतर तिला भूक लागली. केळं दिसलं की हात पुढे करायची. घरी सोडताना तिचे गाल भरले होते आणि ते खरे गाल होते. पुढे व्हिसाची मुदत संपलेल्यांना दंड न घेता परत जाऊ द्यायची सवलत सरकारनं जाहीर केली, त्यात मंदा मुलीला घेऊन गावी गेली. सुनील इथेच राहिला. जायच्या आधी बाईंनी तिला माझ्यासमोर दोनदा सगळं म्हणून दाखवायला लावलं. पाणी उकळायचं. लसी चुकवायच्या नाहीत. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी लगेच, आणि खाणं बंद करायचं नाही, उलट थोडं जास्त घालायचं. श्वास लागून छाती उडताना दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

दर रविवारी मिस्सा झाली, की बाई चर्चच्या आवारातूनच मंदाला फोन लावायच्या. कधी त्यांचा फोन लागला नाही तर मला लावायला सांगायच्या, त्यामुळे माझा नंबरही मंदाकडे होता. ईश्वरी चालायला लागली, भाकरी दुधात कुस्करून खाते, आजोबांच्या मागे मागे फिरते, असं सगळं मला बाईंकडून सोमवारी कळायचं.

पुढच्या पावसाळ्यात ईश्वरी गेली.

फोन दवाखान्यात आला, कामाच्या वेळी. बाईंनी स्पीकरवर घेतला होता, हातात दुसऱ्या मुलाचा केसपेपर होता. मंदा अगदी सपाट आवाजात सांगत होती. जुलाब लागले, पाणी लगेच सुरू केलं. खायला घालत राहिले, ओकली तरी पुन्हा घातलं. दुसऱ्या दिवशी श्वास लागला म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं. वाटेतच. आणि मग ती म्हणाली, "मी खायला बंद नाही केलं बाई. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं."

"मला माहितीये," बाई म्हणाल्या. "तू काही चुकली नाहीस, मंदा. काहीच चुकली नाहीस."

त्या पुढे बराच वेळ फोन धरून होत्या. नंतर त्यांनी बाहेरच्या मुलाला आत बोलावलं आणि एकेक करून सगळे पेशंट संपवले. दवाखाना रिकामा झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. त्या खुर्चीत तशाच बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, ती तर पूर्ण बरी झाली होती ना?

"वजन परत आलं होतं," त्या म्हणाल्या. "ते काट्यावर दिसतं, म्हणून आपण बरी झाली म्हणतो. आतलं सावरायला किती दिवस लागतात ते दाखवणारा काटा नाही. जव्हारलाही असंच. आम्ही गुटगुटीत करून घरी पाठवायचो, फोटो काढायचो. त्यांतली किती नंतर गेली ते आम्हाला कळायचंही नाही, कारण आई परत येत नाही. कशाला येईल?" मग म्हणाल्या, "इथे आले तेव्हा वाटलं होतं, सुटले. इथल्या मुलांना सर्दी होते, सर्दी जाते. किती बरं वाटायचं मला त्या सर्दीचं."

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मला वाटलं होतं की आता तो रविवारचा फोन थांबेल. विचारायचं तरी काय? पण बाईंनी त्या रविवारीही लावला आणि पुढच्याही. मंदा सुरुवातीला उचलायची नाही. मग उचलायला लागली. दोघी काय बोलायच्या कोण जाणे. एकदा बाईंनी सांगितलं, की मंदाला झोप लागत नाही, सासू तिला बोल लावते, म्हणून त्या सासूशीच बोलल्या. एकदा म्हणाल्या, आज काहीच बोललो नाही, ती भाकऱ्या करत होती, मी आवाज ऐकत बसले. सुनील मध्ये एकदा गावी जाऊन आला. वर्षभरानं मंदाला मुलगा झाला. ती बातमी सांगायला बाई माझ्या लॅबमध्ये आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "अंगावरचं पाजतेय. बाटली घरात ठेवलेली नाही म्हणाली." एवढं सांगून लगेच परत गेल्या. मुलाचं नाव विचारायचं त्या विसरल्या होत्या.

तो मुलगा सात-आठ महिन्यांचा असेल तेव्हा बाई गेल्या. कसलं दुखणं नाही. सकाळी कामावर आल्या नाहीत, फोन उचलेनात, म्हणून वॉचमनला घेऊन आम्ही वर गेलो. त्या पलंगावर होत्या, एका कुशीला. डॉक्टरांनी हृदयविकार म्हणून सांगितलं. मुलगा कॅनडाहून आला. इथले कागदपत्रांचे सोपस्कार उरकून तो त्यांना वसईला घेऊन गेला. आमच्यापैकी कोणालाही बरोबर जाता आलं नाही. चर्चमध्ये प्रार्थनेला मी गेले, तर अनोळखी कितीतरी आया मुलांना घेऊन आल्या होत्या. सुनील उम्म अल कुवैनहून आला होता. मंदाला अजून कळवलेलं नाही, असं तो म्हणाला. त्याला धीर होत नव्हता. मी म्हटलं, मी सांगते.

पण मीही सांगितलं नव्हतं. रविवारी दुपारी मी भात लावत होते आणि माझा फोन वाजला. मंदाचा नंबर. बाईंचा फोन लागत नाही, असं ती म्हणाली. मी काही म्हणायच्या आत पुढचं बोलली. बाळाला सकाळपासून जुलाब होत होते.

मी गॅस बंद केला. बाई काय काय विचारायच्या ते मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते एकामागून एक तोंडून येत गेलं. पाजतेयस का? ओढून पितोय? लघवी झाली का? डोळे खोल गेलेत? छाती उडतेय? हातपाय गार लागतात का? ती प्रत्येकाला नीट, न घाबरता उत्तर देत होती. पाणी तिनं केव्हाच सुरू केलं होतं. पाजणं चालू होतं. तरी मी तिला म्हटलं, थांबू नकोस, आत्ताच्या आत्ता तालुक्याला घेऊन जा, दाखवून ये, त्याच्या बहिणीचं काय झालं ते डॉक्टरांना आठवणीनं सांग. ती म्हणाली, "निघालेच आहे. रिक्षा दारात आहे." बाईंबद्दल तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लेकराला घेऊन निघालेल्या बाईला हे कसं सांगणार?

ते दोनतीन दिवस मी फोन हातातून ठेवला नाही. बुधवारी ती म्हणाली, जुलाब थांबले, वजन करून आणलं, उतरलेलं नाही. मागे बाळाचा आवाज येत होता, कशावर तरी तो चिडला होता. मग मी तिला सांगितलं. बाई गेल्या. मागच्या आठवड्यात.

तिनं बाळाला उचललेलं ऐकू आलं, त्याची कुरकुर जवळ आली.

"मला रविवारीच कळलं होतं ताई," ती म्हणाली. "मिस्सा झाली अन् बाईंचा फोन नाही, असं कधी झालंच नाही. पण तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथंच बसले असते मी. आधी लेकराला न्यायचं होतं."